कासमचाचांची कात्री

माझ्या मुलाचे लहान झालेले कपडे मी शेजारी दिले आणि आठ दिवसांनी ते फडकी होऊन परत आले.

दारावरची घंटा वाजली म्हणून उघडलं, तर समोर कासमचाचा. उंच, काटकुळे, लुंगीवर पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हातात सुतळीने बांधलेला गठ्ठा. "बाय, ही तुझी फडकी," म्हणाले. मी म्हटलं, माझी कसली फडकी? मग गठ्ठ्यात डायनासोर दिसला. अर्णवच्या सातव्या वाढदिवसाचा शर्ट होता तो. डायनासोरचं डोकं एका फडक्यावर होतं आणि शेपूट दुसऱ्यावर. चारही बाजूंनी काठ दुमडून इतका सुबक धावदोरा घातलेला, की माझ्या शिवणाच्या बाईंनी शाळेत मला उदाहरण म्हणून दाखवला असता.

"पण चाचा, हे कपडे मी उमरसाठी दिले होते."

"उमरला नाय लागत. फडकी सगळ्यांना लागतात." एवढं बोलून ते वळले आणि समोरचं दार लागलं.

बहारीनमधल्या बुसैतीनच्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोनच घरं. तिसऱ्या मजल्यावर एकीकडे आम्ही, पुण्याचे. दुसरीकडे नासिर आणि रुखसाना, मूळचे बाणकोट खाडीच्या काठचे. त्यांना दोन मुलगे, झैद अकरा वर्षांचा आणि उमर सात वर्षांचा. कासमचाचा हे नासिरचे वडील. आम्हाला इथे राहायला येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. माझे यजमान म्हणाले, "आपले कपडे त्यांना चालत नसतील." हे वाक्य आमच्या घरात दोन दिवस आंबत पडलं होतं. मी ती फडकी कपाटात मागे टाकली आणि रुखसानाशी जिन्यात फक्त मान हलवण्यापुरतं बोलू लागले.

पंधरा दिवसांनी तीच आली, डोळे खाली घालून. "भाभी, राग धरू नका. अब्बा झैदचे पण कापतात. झैदला लहान झालेला एक कपडा उमरच्या अंगाला लागू देत नाहीत. मी लपवते, ते शोधतात. आमच्या घरात फरशी पुसायची फडकी सगळी ब्रँडेड आहेत."

तिला हसू आलं, मलाही आलं. मग ती हसायची थांबली. तेव्हा ही नुसती हसण्याची गोष्ट नाही हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कासमचाचा शिंपी नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारण सगळ्यांचा तसा समज होतो. बंदरावर माल सोडवून आणणाऱ्या एका कंपनीत ते चाळीस वर्षं कारकून होते. बायको गेली, नोकरी सुटली, आणि आता मुलाच्या व्हिसावर मुलाच्या घरात, नातवांच्या खोलीतल्या तिसऱ्या पलंगावर त्यांचा मुक्काम होता. या माणसाला जगातल्या एकाच विषयात रस होता, आणि तो म्हणजे त्यांच्या लहानपणी मुलगे काय घालत.

शुक्रवारी सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, घ्यायला आमची गाठ पडे. तंदूरमधून गरम खुबूस निघेपर्यंत रांगेत उभं राहावं लागायचं. तेवढ्या वेळात ते मला शिकवायचे.

"चड्डीला नाडी असेल तर पोर गरिबाचा. बटणं असतील तर मध्यम. नि गॅलिस असेल," ते दोन्ही खांद्यांवरून पट्ट्यांसारखी बोटं फिरवत, "तर त्याचा बापूस बोटीवर नायतर आफ्रिकेत. आमच्या वर्गात गॅलिसवाले दोघे होते. दोघांना बापूस कसा दिसतो ते ठाऊक नव्हतं."

कापडांची नावं ते वाण्याच्या यादीसारखी घेत. मांजरपाट, खाकी ड्रिल, पॉपलीन. ईदला गावातल्या एकाच दुकानात एकच तागा यायचा, आणि आळीतल्या सगळ्या मुलग्यांचे सदरे त्या एकाच पट्ट्यांच्या कापडाचे निघायचे. "नमाजाला ओळीत उभे राहिलो की बँडवाले वाटायचो," असं ते सांगत. चड्डीच्या बुडाला दोन गोल ठिगळं लागायची, त्याला पोरं चष्मा म्हणायची. मास्तर म्हणत, "कासम, पाठमोरा हो, तुझ्या चष्म्यातून मला फळा दिसतो का बघू."

मला हसू यायचं. ते स्वतः हसत नसत. कोर्टात साक्ष द्यावी तसं सांगत.

त्यांचा आवडता शब्द होता माया. शिंपी शिवणीच्या आत पुढे उसवून वाढवायला म्हणून जास्तीचं कापड ठेवतो, ती माया. अर्णवची शाळेची नवी पँट दिसली की ते पायाची दुमड उलटून बघत आणि विचारत, "माया किती सोडलीय?" अर्धा इंच असायची. ते मान हलवत, जणू मी मुलाला अर्ध्या पोटावर शाळेत धाडत होते. आताच्या सगळ्याच गोष्टी त्यांच्या मते अंगाबेताच्या होत्या. कपडे अंगाबेताचे, घरं अंगाबेताची, माणसंही तशीच. "माझा पोर हुशार हाय," ते नासिरबद्दल सांगत, "पण अंगाबेताचा. आत दुमड नाय. उद्या वाढायची वेळ आली तर कापड कुठून आणणार?"

हे ते नासिरसमोरही बोलत. म्हणजे घरात काय वातावरण असेल ते आलंच.

नासिर अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात सुपरवायझर. शिफ्टची नोकरी, झोप कधीच पुरी नाही. स्वभावाने वाईट नव्हता, पण आपण कुठून आलो हे त्याला कोणी आठवण करून दिलेलं आवडत नसे. घरी पाहुणे आले आणि चाचांनी चड्डीची गोष्ट काढली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. एकदा माझ्यादेखत म्हणाला, "अब्बा, आता आपण बहारीनमध्ये आहोत."

"बहारीनमध्ये पोरं नागडीच जन्मतात ना?" चाचा म्हणाले. "मग झालं."

झैदसाठी कपडे घ्यायला चाचांना नेणं म्हणजे शिक्षा होती. गेल्या रमजानमध्ये मॉलमधल्या एका दुकानात रुखसाना आणि मी मुलांसाठी खरेदी करत होतो. चाचा मुलांच्या विभागात रॅकवरच्या पँटी एकेक काढून उलट्या करत सुटले. मायेची तपासणी. नापास पँटींचा ढीग त्यांच्या पायाशी वाढत गेला. आजूबाजूच्या बायकांना ते हिंदीत सांगत होते, "इसमें कुछ नहीं है, मत लो." मॅनेजर आला, मग सिक्युरिटीवाला आला. तो सिक्युरिटीवाला केरळचा होता, बिचारा त्यांना "अंकल, प्लीज" म्हणत हाताला धरून बाहेर घेऊन गेला. बाहेर बाकावर बसून ते म्हणाले, "खलास. इतकं मोठं दुकान, नि एक इंच कापड नाय कोणाच्या मनात."

झैद लांब उभा होता, आपण यांच्याबरोबर आलेलोच नाही अशा चेहऱ्याने. "आजा इज सो एम्बॅरसिंग," तो मला म्हणाला. मराठी त्याला सगळं कळायचं. उत्तर मात्र इंग्रजीत यायचं.

एक गोष्ट मला उमगत नव्हती. कपड्याला भरपूर माया असावी, कपडा वर्षानुवर्षं वापरता यावा, असा ज्याचा हट्ट, तो माणूस लहान झालेला धडधाकट कपडा धाकट्याला न देता कापून का टाकतो? मी एकदा रांगेत विचारलंच.

"ज्याचा त्याच्याच अंगावर संपला पायजे," ते म्हणाले.

"पण का?"

"धाकट्याला काजं सैल मिळतात." एवढंच. मग समजावल्यासारखं म्हणाले, "थोरला घालतो, काढतो, घालतो, काढतो. काजं मोठी होतात. धाकट्याच्या अंगावर बटण थांबत नाय. दिवसभर छाती उघडी. मग टाचणी लावा. टाचणी टोचते." तेवढ्यात गरम खुबूस हातात आलं आणि ते निघाले.

मला वाटलं, कारण कळलं. गरिबीत वाढलेला धाकटा मुलगा, आयुष्यभर थोरल्याचं उतरलेलं घातलं, त्याचा राग म्हातारपणी असा निघतोय. आपल्याला कारण सापडलं की आपण विचार करायचं थांबतो. मीही थांबले.

फेब्रुवारीत उमरच्या शाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. त्याला स्टेजवर जाऊन इंग्रजीत चार ओळी बोलायच्या होत्या, कोट घालून. घरात कोट होता. दोन वर्षांपूर्वी रुखसानाच्या भावाच्या लग्नात झैदसाठी घेतलेला, गडद निळा, एकदाच घातलेला. रुखसानाने तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सुटकेसमध्ये तिच्या साड्यांच्या खाली, कुलूप लावून ठेवला होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तो काढला, इस्त्री केली, दाराच्या खुंटीला अडकवला आणि उमरला आंघोळीला नेलं.

तिचा आवाज ऐकून मी धावत गेले. दार उघडंच होतं.

मुलांच्या खोलीत चाचा पलंगावर बसले होते. मांडीवर कोट, हातात लांब पात्यांची कात्री. दोन्ही बाह्या कापून बाजूला ठेवल्या होत्या, अगदी समांतर. पाठ मधोमध कापली होती. उमर ओल्या केसांनी, बनियनवर दारात उभा होता आणि आवाज न करता रडत होता. रुखसाना भिंतीला टेकून खाली बसली होती. मी उमरच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि केस पुसत राहिले.

थोड्या वेळाने नासिर आला. शिफ्टवरून तसाच, पायात सेफ्टी शूज. खोलीत आला आणि उभा राहिला.

"हे काय आहे, अब्बा?"

"कोट."

"कोट होता."

चाचा कापलेल्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"उद्या कार्यक्रम आहे पोराचा. आता मी मॉलमध्ये जाऊन त्याला नवा कोट घेऊन येतो. हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो," चाचा म्हणाले. "हेच."

मी नासिरला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाही तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही गरीब होता हा माझा गुन्हा आहे का? जन्मभर ऐकतोय. ठिगळं, नाड्या, टाचण्या. मी शाळेत होतो तेव्हाही तुम्ही माझी दुमड बघायचात. शाळेत काय शिकवतात, माझा अभ्यास कुठवर आलाय, हे कधी विचारलं नाहीत. फक्त दुमड." मग त्याने कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली. चाचांनी ती सोडली, लगेच.

"गावाला जाऊन राहा," नासिर म्हणाला. "तिथे घर आहे, शेजारी चुलतभाऊ आहे. तिथे कापा काय कापायचं ते."

उमरला त्या दिवशी नवा कोट आला. तो अंगाबेताचा होता. कार्यक्रम छान झाला म्हणे.

आणि चाचांचं तिकीट निघालं, पंधरा दिवसांनंतरचं. त्यावर कोणी चर्चा केली नाही. चाचांनीही केली नाही. रुखसाना मात्र माझ्याकडे आली. तिचा राग आठवड्याभरात उतरला होता आणि त्याच्या जागी भीती आली होती. "यांना वाटतं, अब्बांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मला तसं नाही वाटत. ते तुमच्याशी बोलतात, भाभी. एकदा विचारा ना. कारण कळलं तर मी यांना समजावेन."

त्या शुक्रवारी खुबूस घेतल्यावर मी म्हटलं, "चाचा, जरा समुद्राकडे बसू." किनाऱ्यावर सिमेंटचे बाक आहेत. वरून विमानं विमानतळाकडे उतरतात, इतकी खालून, की बोलणं मधेच थांबवावं लागतं. आम्ही बसलो. मी आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. "कोट का कापलात?" असं सरळ विचारलं.

त्यांनी खुबूसचा एक तुकडा तोडला आणि हातातच ठेवला.

"मना थोरला भाऊ होता," ते म्हणाले. "दोन वर्सांनी मोठा. माझ्या अंगावर दहा वर्सं एक नवा धागा आला नाय, सगळं त्याचं उतरलेलं. पण त्याच्यासारखे कपडे कोणी वापरले नसतील. आंब्यावर चढायचा तर आधी सदरा काढून, घडी घालून दगडाखाली ठेवायचा. पोरं चिडवायची. तर बोलायचा, फाटला तर कासम काय घालेल?"

एक विमान गेलं. ते थांबले, मग पुढे बोलले.

"बारा वर्सांचा होता. ताप आला. पावसाळा, खाडीला उधाण, होडी बंद, डागदर पलीकडे. पाचव्या दिवशी गेला."

त्यांनी हातातला खुबूसचा तुकडा उलटून बघितला.

"मग ईद आली. बापूस मना शिंप्याकडे घेऊन गेला. माझं माप तोवर कोणी घेतलंच नव्हतं, कशाला घेणार? शिंप्याने टेप काखेखालून फिरवली नि मना गुदगुल्या झाल्या. मी हसलो. बापूस उठून बाहेर जाऊन उभा राहिला." त्यांनी तुकडा परत पिशवीत टाकला. "नवा सदरा, बाय. काजं इतकी घट्ट, की बटण लावायला दोन्ही हात लागले. मी खुश होतो. खोटं सांगत नाय. भाऊ जाऊन सहा महिने झालेले नि मी खुश होतो. आईसने त्याचे कपडे माझ्यासाठी काढून ठेवले होते. मी बोललो, मना नको ते, माझ्याकडे नवे हायत. तिने ते धुतले, नि पलीकडच्या नावाड्याच्या पोराला देऊन टाकले."

"मग?"

"ईदच्या दिवशी मी अंगणात उभा होतो, सगळ्यांनी मना बघावं म्हणून. आईस शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन दारात आली. नि वाटेवरून तो नावाड्याचा पोर चालला होता. पाठमोरा. तोच सदरा. तीच चाल वाटली, कपड्याची पण चाल असते, बाय. आईसच्या हातातून वाडगा पडला. नाव घेऊन हाका मारत ती धावत सुटली. माझ्या बाजूनेच गेली. इतक्या जवळून, की तिचा पदर माझ्या नव्या सदऱ्याला लागला. पण मना बघितला नाय तिने."

ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या.

"पोर घाबरून वळला. तोंड दुसरंच. आईस तिथंच वाटेवर बसली. बायका धावल्या. मी काय केलं असेल? मी बटणं मोजत उभा राहिलो. पाच होती."

मग उठले. लुंगी झटकली. "त्या दिवसानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाय. आईस मरेपर्यंत नाय, बापूस मरेपर्यंत नाय. नि हे तू घरात सांगायचं नाय. नासिरला तर नायच. त्याला वाटेल, म्हातारा दया मागतोय."

मी नाही सांगणार म्हटलं, आणि खरंच सांगितलं नाही. रुखसानाने विचारलं तेव्हा म्हटलं, काही बोलले नाहीत. दिलेला शब्द पाळला असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण इतकं मोठं नव्हतं. मला दुसऱ्यांच्या घरात पडायचं नव्हतं. परदेशात शेजारी टिकवायचे असतात. त्यांच्या घरातल्या गोष्टींत शिरलं की आज ना उद्या बोल आपल्यावर येतो. मी सांगितलं असतं तर तिकीट रद्द झालं असतं का, मला माहीत नाही. सांगून पाहिलं नाही, एवढं माहीत आहे.

पंधराव्या दिवशी चाचा गेले. एक सुटकेस आणि एक हातातली पिशवी. झैद आणि उमर शाळेत होते. निघताना ते माझ्या दाराशी थांबले. "अर्णव कुठल्या इयत्तेत हाय?" असं त्यांनी विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच, आणि कपड्यांचा विषय न काढता. मी सांगितलं. "शिकव," म्हणाले. लिफ्ट आली.

पुढे महिनाभर समोरचं घर शांत होतं. टीव्हीचा आवाज वाढवायचं कारणच उरलं नव्हतं. चाचा दर शुक्रवारी फोन करत, दोन मिनिटं. लाइट जाते, आंब्याला कैऱ्या धरल्यात, चुलतभावाचा गुडघा दुखतो.

एका संध्याकाळी नासिर आमच्याकडे आला. एकटाच, पहिल्यांदाच. माझे यजमान ऑफिसातून यायचे होते. त्याने चहा नको म्हटलं आणि सोफ्याच्या टोकावर बसला.

"भाभी, अब्बा तुमच्याशी काही बोलले होते का? जायच्या आधी?"

मी टीपॉयवरचा पेपर उचलून बाजूला ठेवला.

"विमानतळावर मला वाटलं, शिव्या देतील. काहीतरी बोलतील. ते बोलले, हॉलमधल्या एसीचं पाणी ठिबकतं ते बघ. एवढंच. काल तो एसी दुरुस्त करायला माणूस आला होता. तो गेल्यावर मी खोलीत बसलो आणि..." त्याने सोफ्याच्या कव्हरची कड सरळ केली. "माझं काय चुकलं ते कोणी मला सांगेल का?"

मग मी सांगितलं. शब्द मोडला. आंब्यापासून पाच बटणांपर्यंत, जसं ऐकलं तसं. नासिर माझ्याकडे बघत नव्हता. टीपॉयवरच्या काचेकडे बघत होता. मी थांबले तेव्हा म्हणाला, "अब्बांना भाऊ होता?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं, ते एकटेच. गावात कोणी कधी बोललं नाही." मग त्याने विचारलं, "नाव काय होतं?"

आणि माझ्या लक्षात आलं, की मला माहीत नाही. इतकं सगळं सांगितलं त्यांनी, पण नाव नाही सांगितलं. थोरला म्हणाले, भाऊ म्हणाले. आई नाव घेऊन धावली म्हणाले. ते नाव नाही उच्चारलं.

नासिरने खिशातून फोन काढला. "आता लावतो," म्हणाला. लावला, आणि टीपॉयवर ठेवून स्पीकर चालू केला. मी उठू लागले तर त्याने बसा अशी खूण केली.

"हां, नासिर," चाचांचा आवाज आला. मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. "आज शुक्रवार नाय. पोरं बरी हायत ना?"

"बरी आहेत. अब्बा..."

"एसी बघितलास?"

"बघितला. अब्बा, तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

पलीकडे काहीच आवाज नाही. फक्त ते कुत्रं. मला वाटलं, फोन कट झाला. नासिर पुढे वाकला आणि बोटाने स्क्रीनला हात लावून बघितलं. चालू होता.

"त्या बायने सांगितलं तुना," चाचा म्हणाले.

"हो."

"हुसैन," चाचा म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "हुसैन." मग त्यांचा आवाज बदलला. कधी काळी बंदरावरच्या खिडकीत बसून ज्या आवाजात ते कागद भरून घेत असतील, त्या आवाजात म्हणाले, "लिवून घे. नीट लिव, चूक नको. नाव हुसैन. बापाचं नाव इस्माईल. आईचं नाव मरियम. वय बारा."

नासिरने तळहात डोळ्यांवर दाबून धरला होता.

"लिवलंस?" चाचांनी विचारलं.

"लिहिलं, अब्बा," नासिर म्हणाला. त्याच्याजवळ पेन नव्हतं, कागदही नव्हता.

"वाचून दाखव," चाचा म्हणाले.